तेल पाणी पिता काय?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पण दर वेळी बसलो की थोडी लाज वाटायची, कारण या गोष्टीत मी काही फार बरा दिसत नाही. गेल्या महिन्यात मात्र ऑफिसातल्या एका मित्राने सहज विचारलं, "अरे, किचनसाठी फायर एक्स्टिंग्विशर घ्यायचाय, कुठला घेऊ?" आणि मी त्याच्याशी जवळजवळ पाऊण तास बोलत राहिलो. त्याचा चहा गार झाला, माझाही झाला. शेवटी तो म्हणाला, "बाबा रे, मला फक्त लाल की निळा एवढंच सांग." तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

तर गोष्ट आहे आमच्या देवबागच्या काकीची.

मालवणहून तारकर्लीच्या रस्त्याने पुढे पुढे जात राहिलं की जमीन चिंचोळी होत जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. त्या पट्टीवर आमचं घर. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा आम्ही पोरंटोरं हसलो होतो. म्हटलं, इथे कोण येणार नारळ बघायला? काकी हसली नव्हती. तिने पडवीत दोन टेबलं टाकली. पुढे त्याची चार झाली, मग मागे दोन खोल्या झाल्या. आज मे महिन्यात तिच्याकडे जेवायचं असेल तर सकाळीच सांगावं लागतं. कोंबडी-वडे, सुरमईची तुकडी, सोलकढी. मेनूकार्ड वगैरे भानगड नाही. काकी सांगेल ते जेवायचं आणि बोटं चाटत उठायचं.

काका गेल्यावर हे सगळं तिने उभं केलं. आता तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, तो आणि वहिनी हाताशी असतात. पण कढईपाशी काकीच. वड्याची कढई ती दुसऱ्या कोणाला देत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांची घरं आहेत त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. आमची पडवी उडाली, दोन माड खोल्यांवर पडले, आणि वीज तर कितीतरी दिवस नव्हती. मग डागडुजी आली. मी डोंबिवलीहून पैसे पाठवले, आणि पैशांबरोबर सल्लेही पाठवले. (पैसे पाठवणाऱ्या माणसाला सल्ले फुकट पाठवायची सवय लागते.) त्या सल्ल्यांतलाच एक म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर. गेस्ट येतात, खोल्या आहेत, गॅस आहे, काहीतरी हवं की नको? मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, एबीसी घ्या. सगळ्यावर चालतो." दोन किलोचा लाल सिलिंडर. मी इंजिनियर आहे, वीस वर्षं नोकरी करतोय, मोबाईल घेताना चार दिवस माहिती वाचतो. हा मात्र चार मिनिटांत घेतला, गाडीत टाकला, देवबागला नेला आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात खिळा ठोकून लावला. कुठे लावला? तर शेगडीच्या मागच्या भिंतीवर, गॅस सिलिंडरच्या वर. आगीपासून जितकं जवळ तितकं बरं, असा माझा हिशोब!

काकीने विचारलं होतं, "ह्या काय रे, झिला?"

म्हटलं, "आग इझवूचा."

"बरा," म्हणाली, आणि त्याच्या दांड्याला तिने तेल पुसायचं फडकं अडकवलं.

आता २०२३ चा मे महिना. आम्ही सुट्टीला गेलो होतो. संध्याकाळी आठ जण जेवायला येणार होते, खाडीत बोटीने फिरायला गेलेले. काकीने मोठ्या भट्टीवर कढई चढवली होती, तीनेक लिटर तेल असेल. पिठाचे गोळे थापायला घेणार तेवढ्यात बोटवाल्याचा फोन, पाहुण्यांना उशीर आहे. काकीने ज्योत बारीक केली. म्हणजे केली असं तिला वाटलं. त्याच वेळी वीज गेली. इन्व्हर्टर फक्त खोल्यांना होता. भाई मीटर बघायला खळ्यात गेला, वहिनी मेणबत्त्या शोधायला माजघरात, काकी खोलीतल्या पाहुण्यांना बॅटरी द्यायला. मी खळ्यात खुर्ची टाकून वारा घेत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो.

पाव तास गेला असेल. उजेड असता तर धूर दिसला असता. तेल पेटण्याआधी बराच वेळ धूर सोडतं, ती त्याची पहिली हाक असते. अंधारात ती हाक कोणाला दिसली नाही. वास आला, पण मालवणात संध्याकाळी सगळ्याच घरांतून तळणाचा वास येत असतो. मग अचानक स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड झाला, आणि माझ्या मनात आलं ते असं : चला, वीज आली.

ती वीज नव्हती.

मी धावलो. कढईच्या वर हात-दीड हात ज्वाळा होती. आवाज फारसा नव्हता, एक सलग भुरभुर, एवढंच. पहिल्यांदा माझी नजर एक्स्टिंग्विशरकडे गेली. तो ज्वाळेच्या पलीकडे होता. मी जिथे लावला होता, बरोब्बर तिथे. तिथे पोचायचं तर कढईवरून हात घालायला हवा. मग नजर गेली पाण्याच्या कळशीकडे. तांब्या भरला, हात मागे नेला...

मंडळी, इथे मला थांबून एक सांगायचंय. तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं हे मला माहीत होतं. शाळेपासून माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण हाताला ते माहीत नव्हतं. आग दिसली की हात पाण्याकडे जातो. हजारो वर्षांची सवय आहे ती, तिच्यापुढे दहावीचं विज्ञान काय करणार?

माझं मनगट मागून कोणीतरी घट्ट धरलं.

"हात मागे घे! तेल पाणी पिता काय रे मेल्या?"

काकी होती. तिने मला बाजूला ढकललं. "ग्यास बंद कर, मागसून!" मी घराबाहेरून वळसा घालून मागच्या दाराने गेलो आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. तोवर तिने भाताच्या मोठ्या टोपाचं झाकण उचललं होतं. ते तिने ढालीसारखं स्वतःपुढे धरलं आणि आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर बसवलं. वरून टाकलं नाही, आपटलं नाही. सरकवलं. एका बाजूने ज्वाळा बाहेर आली, तिच्या मनगटाला लागली, आणि मग अंधार झाला. पूर्ण अंधार.

त्या अंधारात मागून बारीक आवाज आला, "आजी, वीज परत गेली?"

भाईची मुलगी. सात वर्षांची. माझ्या मागे, दारात, दोन हातांवर उभी. मी तांब्या फेकला असता तर...

त्या "तर"चं गणित मी नंतर केलं. करायला नको होतं, पण केलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं. तिथे तेल तीनशे-साडेतीनशे अंशांवर. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. एक तांब्या पाणी म्हणजे एक लिटर धरा, म्हणजे १७०० लिटर वाफ, तीही तेलाच्या खालून. ती वर येताना पेटतं तेल घेऊनच येते, थेंबाथेंबाने उडवत, आणि प्रत्येक थेंब हवेत पेटतो. आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर सात फुटांवर आहे. दार एक. दारात ती.

असो.

झाकण उघडायची घाई मला झाली होती. काकीने तीही करू दिली नाही. "उघडू नको हां. सकाळपर्यंत रवांदे." तेही बरोबरच होतं. झाकण ठेवल्यावर हवा मिळत नाही म्हणून ज्योत विझते, पण तेल तेवढंच गरम असतं. झाकण उचललं की हवा आत जाते आणि तेल पुन्हा आपोआप पेटू शकतं. त्याला काडी लावायला लागत नाही. आणि कढई उचलून बाहेर न्यायचा मोह, जो भाईला होत होता, तो तर सगळ्यात वाईट. हातात पेटतं तेल, पायाखाली उंबरा, आणि दारातून येणारा वारा तोंडावर.

काकीच्या मनगटावर कोणीतरी टूथपेस्ट लावायला आणली. ते मात्र मी थांबवलं. तेवढा एक उपयोग झाला माझा त्या दिवशी. नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरून बसवली तिला. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही. मग मालवणात डॉक्टरांकडे. जखम वरवरची निघाली. बांगड्या मात्र कापाव्या लागल्या, आणि तिला हात भाजल्यापेक्षा बांगड्यांचंच जास्त वाईट वाटलं.

रात्री दोन वाजता मी टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तो लाल सिलिंडर भिंतीवरून काढला. काटा लाल पट्ट्यात. पिन गंजून दांड्याला चिकटलेली. दोन वर्षांत खाऱ्या हवेने आपलं काम चोख केलं होतं. मी सोडून सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत जिन्यातले सिलिंडर चकाचक असतात, कारण महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सोसायटीचा सेक्रेटरी मागे लागतो. देवबागच्या स्वयंपाकघराच्या मागे कोण लागणार? सिलिंडर घेऊन दिला म्हणजे कर्तव्य झालं, असं समजून मी मोकळा झालो होतो.

परत आल्यावर झपाटल्यासारखं वाचायला सुरुवात केली. आणि वाचता वाचता लक्षात आलं की तो चालू असता तरी तो चुकीचाच होता!

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडा, पण खरं तर सोडू नका.

आगीचे वर्ग असतात. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, रंग असे पेटणारे द्रव. सी म्हणजे आपल्याकडे गॅस. (अमेरिकेत सी म्हणजे विजेची आग. तिकडचं वाचून इकडे खरेदी करणाऱ्याचा इथेच गोंधळ होतो.) डी म्हणजे धातू. मग तळणाचं तेल कशात? द्रव आहे, म्हणजे बी, असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं. पण पेट्रोल आणि तळणाचं तेल यांत एक मोठा फरक आहे. पेट्रोल थंड असतानाच पेटतं. ज्योत तोडली की बहुतेक वेळा काम झालं. कढईतलं तेल मात्र स्वतःच इतकं तापलेलं असतं की ज्योत तोडली तरी ते पुन्हा पेटतं. त्याला विझवायचं तर झाकावंही लागतं आणि थंडही करावं लागतं. म्हणून त्याचा वेगळा वर्ग केला. अमेरिकेत १९९८ पासून तो के, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २००७ पासून एफ. अक्षरं दोन, अर्थ एकच : स्वयंपाकाचं तेल आणि चरबी.

हा वेगळा वर्ग करायची वेळ का आली, तेही गमतीशीर आहे. तिकडच्या हॉटेलांत पूर्वी प्राण्यांच्या चरबीत तळायचे, आणि पावडरने आग विझायची. मग आरोग्याच्या कारणाने वनस्पती तेलं आली. ती जास्त तापमानाला पेटतात. शिवाय नव्या फ्रायरमधून उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे तेल गरमच राहतं. जुनी पावडर कमी पडू लागली, विझलेली आग पुन्हा पेटू लागली. म्हणून तिकडे हॉटेलांच्या किचनमधल्या आग विझवण्याच्या यंत्रणांसाठी नवीन कडक चाचणी आली, नोव्हेंबर १९९४ पासून. आमच्याकडे काही चरबीचा प्रश्न नव्हता, पण घाण्यावरचं खोबरेल जाऊन पंधरा किलोचा डबा आला, चूल जाऊन भट्टी आली. म्हणजे बदल आपल्याकडेही झालाच की!

एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती ज्योत झटकन पाडते, पण तेल थंड करत नाही. शिवाय जोरात मारा केला तर तेलच उडतं. दोन किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. अकराव्या सेकंदाला तेल पुन्हा पेटलं तर आपल्या हातात रिकामं नळकांडं. कार्बन डायऑक्साइडचंही तेच. विजेच्या बोर्डाला उत्तम, पण कढईवर त्याचा झोत तेल उडवतो, आणि वायू विरला की आग परत हजर. हल्ली भिंतीला लावायचे बॉल मिळतात. त्यांतही बहुतेक पावडरच असते.

मग चालतो काय? वेट केमिकल. पोटॅशियमचे क्षार, म्हणजे पोटॅशियम असिटेट, सायट्रेट, कार्बोनेट असं काहीतरी, पाण्यात विरघळवलेले. लांब नळीच्या टोकाला तुषार असतो. तो तेलावर सावकाश पडतो, आणि गरम तेलाशी त्याची क्रिया होऊन वर साबणासारखा फेस जमतो. फेस हवा तोडतो, पाणी उष्णता ओढून घेतं. झाकण आणि गारवा, दोन्ही एकदमच. घेताना लेबलवर एफ (किंवा के) हे अक्षर आहे का ते बघायचं. फक्त "किचनसाठी" असं लिहिलेलं पुरत नाही. युरोपीय पद्धतीने तपासलेला असेल तर एफच्या आधी आकडा असतो, २५एफ वगैरे. तो आकडा म्हणजे चाचणीत किती लिटर तेलाची आग विझवली, तो. घरगुती खानावळीला दोन लिटरचा सिलिंडर ठीक. एबीसीच्या मानाने महाग पडतो. मला दुपटीहून जास्त पडला. माझ्या हिशोबात तो आता महाग बसत नाही.

हे सगळं वाचून मी गणपतीत पुन्हा देवबागला गेलो. या वेळी मात्र खिळा आणि हातोडा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं. कारण एक गोष्ट उशिरा का होईना समजली होती. ते स्वयंपाकघर माझं नाही. तिथे काय टांगायचं हे पैसे देणाऱ्याने ठरवायचं नसतं, कढईपाशी उभं राहणाऱ्याने ठरवायचं असतं.

काकीने ऐकून घेतलं. वहिनीने मध्येच बरोबर बोट ठेवलं. "भावजी, पाणी घालूचा नाय म्हणतास, आणि ह्यातय पाणीच?"

काय प्रश्न आहे! मी चार दिवस वाचून हा प्रश्न मला पडला नव्हता. म्हटलं, पाणी आहे, पण तांब्याने ओतलेलं नाही. बारीक तुषार, वरून, सावकाश. तो तळाशी जात नाही, वरच्या वरच तेलाशी मिळून त्याचा साबण होतो.

"साबान?" काकी एकदम सावध झाली. "तेलाचो?"

बचत गटाच्या बायकांनी एका वर्षी वापरलेल्या तेलाचा धुण्याचा साबण केला होता. कॉस्टिक सोडा आणि तेल. काकीने स्वतः बादलीत ढवळला होता. माझी पाऊण तासाची व्याख्यानं एकीकडे आणि तो बादलीतला साबण एकीकडे. तिला सगळं एका क्षणात समजलं. "म्हणजे तेलार साबनाची साय धरता. मगे तसा सांग ना!"

तर, तसं.

मग आम्ही जागा ठरवली. शेगडीपाशी नाही, दाराजवळ. म्हणजे घ्यायला जाताना आगीकडे नाही, बाहेरच्या दिशेला जायचं, आणि घेतल्यावर पाठीशी दार राहतं. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूची भिंत टाळली. स्टेनलेस स्टीलचा सिलिंडर मिळाला तो घेतला. जुना एबीसी एजन्सीकडून तपासून, दुरुस्त करून, पुन्हा भरून पडवीत गेला. तोही हवाच. लाकूड आहे, गाद्या आहेत, इन्व्हर्टर आहे. विजेच्या बोर्डावर वेट केमिकल मारायचा नाही, हेही पढवून झालं.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. वापरणार कोण? भाईने लगेच हात वर केला. पण वडे तळताना भाई तिथे नसतोच. म्हणून वहिनी. मालवणात जाऊन परत भरून आणायचा खर्च होईल तो होईल म्हटलं, आणि जुना एबीसी भरायला देण्याआधी काटा जरा जिवंत करून घेतला आणि खळ्यात रिकामा केला. पिन ओढा, नळी बुडाकडे धरा, दांडा दाबा, फिरवा. वहिनीला पहिल्या खेपेला पिनच निघेना. दांडा दाबून धरला की पिन अडकते, ही एवढीशी गोष्ट. खळ्यात ती हसण्यावारी गेली, स्वयंपाकघरात गेली नसती. वेट केमिकलचं वेगळं, तेही सांगितलं : हातभर नाही, चांगलं मीटरभर लांब उभं राहायचं, सगळा संपेपर्यंत गोल गोल फिरवायचं, ज्योत गेली म्हणून मध्येच थांबायचं नाही.

काकी हे सगळं पडवीत बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "आणि झाकान?"

झाकण पहिलं, मी म्हटलं. आग कढईपुरती आहे तोवर गॅस बंद आणि झाकण. झाकण बसलं नाही, तेल जास्त आहे, तर सिलिंडर. आणि ज्वाळा छपराला लागली तर काहीही नाही, सगळ्यांनी बाहेर, आणि १०१ किंवा ११२ ला फोन. देवबागच्या त्या चिंचोळ्या रस्त्याने बंब यायला लागेल तेवढा वेळ लागणार. त्या वेळात घर गेलं तर घर जाऊ दे.

"घर जावंदे," ती म्हणाली. तौक्तेत घर जाताना बघितलेली बाई आहे ती.

दर एप्रिलात १४ तारखेपासून अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले कितीतरी जवान त्यात गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या गोदीत तेव्हा कोकणातली किती माणसं राबत होती! आमच्या ऑफिसातही त्या आठवड्यात ड्रिल असते. इतकी वर्षं मी त्या वेळी चहा प्यायला सटकायचो. २०२४ मध्ये पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभा राहिलो. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या जवानाने लांब दांडीला बांधलेल्या वाटीतून पेटत्या तेलात कपभर पाणी ओतलं. कपभर! ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच गेली. लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ घेतले, टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे सात फुटांचं छप्पर होतं.

काटा महिन्यातून एकदा बघायचा, असं ठरलंय. लक्षात कसं राहणार? कॅलेंडर, अलार्म, असलं सगळं मी सुचवलं. काकी म्हणाली, संकष्टी. तो उपास ती चुकवत नाही. चंद्र बघायला उठते तेव्हा काटाही बघते. वहिनीने सिलिंडरला खाऱ्या हवेपासून जपायला जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता. म्हटलं, अगं, काटा झाकला गेला. तर तिने तिथे गोल खिडकी कापून कडेने टीप मारली.

काकीच्या मनगटावर अजून पांढरट डाग आहे. ती नव्या बांगड्या मुद्दाम त्याच्या वर चढवून घालते. मी बघितलं की ती पदर पुढे ओढते. यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

परवा संकष्टी होती. रात्री साडेनऊला फोन आला.

"काटो हिरव्यात आसा रे."

म्हटलं, "बरा."

"आणि झाकान खिळ्यार आसा," ती म्हणाली, आणि ठेवला फोन.